बियाण्याचा वाल

"ये, बस. गरम हायेत तवर खा," भिमाजी चुलीपासून म्हणाला.

सोनीबाईनं घोडेगावच्या बाजाराची पिशवी उंबऱ्यातच ठेवली. घरभर भाजक्या वालाचा वास होता. जमिनीवर राख सांडली होती आणि बियाण्याचं मडकं आडवं पडलं होतं, तोंडाचं शेणमातीचं लिंपण फोडलेलं.

"अवं, ते बियाणं व्हतं!"

"भूक लागली व्हती."

"टोपल्यात भाकर झाकून ठेवली व्हती ना!"

"व्हय?" तो टोपल्याकडे नवलानं बघत राहिला.

दोन वर्षांपासून नवऱ्याचं असंच चाललं होतं. कधी शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसायचा, कधी मेलेल्या भावाला हाका मारायचा. एरवी परसात वालाचा मांडव तोच घालायचा. पहिल्या बहराच्या भरलेल्या शेंगांना कुणी हात लावला तर ओरडायचा, "बियाच्या हायेत त्या!"

हा तांबडा वाल सोनीबाईनं लग्नात माहेराहून आणला होता. पुढं ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, माणसं पांगली. वाल मात्र दरसाल तिच्या परसात फुलत होता.

कीड लागू नये म्हणून बियाण्यात मिसळलेली ती राख तिनं चाळून पाहिली. एक किडका दाणा निघाला. ती तशीच शेजारच्या कुशाबाईच्या घरी गेली. मागं तिनंच कुशाबाईला ओंजळभर बी दिलं होतं.

"थोडं बी दे गं माझ्या वालाचं."

कुशाबाईचा चेहरा उतरला. "औंदा पाकिटातलं आनलंय बाई. तुझं नाय ठेवलं. म्हनलं, लागलं तर तुझ्याकडं हायेच की."

कुशाबाईनं पाकिटातलं मूठभर बी पुढं केलं, ते सोनीबाईनं पदरात घेतलं.

ती परतली तेव्हा दिवस कलला होता. भिमाजी अजून चुलीजवळच होता. ताटलीत त्यानं थोडे भाजके दाणे बाजूला काढले होते.

"तुझ्यासाठी ठेवल्यात. लई ग्वाड हायेत."

ती त्याच्याशेजारी बसली. एक दाणा तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिली.

"उंद्या आनखी भाजू," तो म्हणाला.

"भाजू," ती म्हणाली, आणि त्याच्या दाढीला लागलेली राख पदरानं पुसू लागली.