केवळाबाईची धुरी

केवळाबाई वेशीपाशी चालत्या गाडीतून खाली उतरली. गाडीत धाकट्या दिराची, भुजंगची, पोरंबाळं होती, पिठाचे डबे होते, आणि तिचा नवरा शेषेराव कासरा धरून पुढं बसला होता.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "घर बंद पडलं की उधई लागंल."

ते रझाकारांच्या धास्तीचं साल होतं. हदगावकडची गावंच्या गावं उठत होती आणि पैनगंगा ओलांडून उमरखेडला जात होती; नदीपलीकडं निजामाचा अंमल नव्हता. अशा वेळी एखादी बाई लाकडासाठी मागं राहते म्हटल्यावर शेषेराव कपाळाला हात लावून बसला. ओरडला, विनवण्या केल्या. शेवटी म्हणाला, "आठ दिसांत माघारी येतो तुला न्यायला. दार उघडू नगं कुणाला." पोरं रडत होती, मागच्या गाड्या खोळंबल्या होत्या. तो गेला.

जिवापेक्षा लाकूड मोठं का, असं विचारायला कुणाचं काय जातं? केवळाबाईनं लहानपणी माहेरी बघितलं होतं. पटकीच्या साथीत तिच्या वडलांनी घराला कुलूप घातलं आणि पावसाळाभर सगळे मळ्यात राहिले. परतल्यावर आईनं खांबाला हात टेकला, तर हात आत गेला. वरून रंग जसाच्या तसा, आत उधईनं, म्हणजे वाळवीनं, केलेली नुसती माती. त्या घरात परत कुणी राहिलं नाही. भाऊ एकीकडं, काका दुसरीकडं, असं सगळं माहेर पांगलं. घर गेलं की माणसं परतत नाहीत, हे तिच्या मनानं तेव्हाच घेतलं होतं. आणि हे पाच खणांचं माळवदाचं घर तर तिनं आणि शेषेरावानं मिळून उभं केलेलं. किनवटच्या जंगलातलं सागवान, आणि भिंतींची पांढरी माती तिनं स्वतःच्या पायांनी तुडवलेली.

तिची रीत साधी होती. उधईला अंधार आणि ओल लागते, माणसाची वर्दळ आणि धूर सोसत नाही. म्हणून सकाळी उठलं की चूल पेटवायची. एकटीला भाकरी ती केवढी लागणार, पण चूल मात्र पाहुणे आल्यासारखी भरभरून पेटायची. मग घमेल्यात निखारे घ्यायचे, वर गोवरी आणि ओला कडुनिंब टाकायचा आणि खणाखणांतून ते घमेलं फिरवायचं. धुरानं डोळे चुरचुरायचे. त्यानंतर एकेका खांबाशी खाली बसून बुंधा न्याहाळायचा. मातीची बारीक नळी वर चढताना दिसली की उलथन्यानं खरवडायची आणि तिथं काठीला चिंधी बांधून बिब्ब्याचं तेल चोपडायचं.

एकदा काठीची चिंधी सुटली आणि बिब्बा तिच्या हातावर उतला. कोपरापर्यंत फोड आले. उतारा म्हणून वाटलेले तीळ लावायला दुसरा हात होता, पण "लई दुखतंय का गं?" म्हणायला कुणी नव्हतं. तेव्हा मात्र ती खांबाला पाठ लावून मोकळेपणानं रडली. घर राखते म्हणून मिरवणारी बाई, घरात माणूस नाही म्हणून रडत होती.

आठ दिवस म्हणता म्हणता पैनगंगेला पूर आला आणि उतरायचं नाव घेईना. गावात मागं राहिलेली चार म्हातारी माणसं पार मारुतीच्या पलीकडं, हाक न पोचण्याइतकी लांब. शेजारचं उमाबाईचं घर बंद होतं. भिंत सामाईक, त्यामुळं उधई तिकडून यायची भीती होती. उमाबाईनं किल्ली दाराशेजारच्या देवळीत ठेवलेली तिला ठाऊक होती. केवळाबाईनं दार उघडलं, तिथलीही चूल पेटवली आणि सवयीनं हाक मारली, "उमे, हाय का गं?" स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. पुढं पुढं तिला त्याचंही काही वाटेनासं झालं. ती रोज हाक मारायची, रोज थोडं थांबायची आणि मग धुरी द्यायची.

शेषेराव आल्यावर कुठं बसेल, हे ती मनात ठरवायची. पोरं कुठं झोपतील, भुजंगला कोणता कोपरा द्यायचा. ती माणसं परत येतील तेव्हा त्यांना यायला घर पाहिजे, एवढ्या एका गोष्टीवर तिनं सगळा पावसाळा काढला.

भादव्यात हिंदी फौज आली, निजाम शरण गेला आणि नदीचं पाणी उतरल्यावर शेषेरावही आला. वाळला होता. पुढं आला आणि तिचा काळा पडलेला हात हातात घेऊन उभा राहिला. केवळाबाईला वाटलं, सगळं फिटलं.

मग तो घरात हिंडला. एकेका खांबावर बोटाचं पेर वाजवून बघू लागला. प्रत्येक खांब खणखणत होता. ती मागं मागं, छाती फुगवून.

"एक बी गेला न्हाई," तो म्हणाला. "कमाल केलीस."

"मग! भुजंगला आन् पोरांला कवा आणून राहिले तुमी?"

शेषेराव घुटमळला. "त्ये तिकडंच ऱ्हातेत. उमरखेडला जागा धरलीय, दुकान घातलंय, ते चांगलं चाललंय. ह्या गावात पुन्हा जीव लागायचा न्हाई माझा. उद्या सुतार येतोय. लाकूड उतरवून गाडीनं नेऊ, तिकडं असंच्या असं घर उभं करू."

केवळाबाईनं खांब घट्ट धरला. मग तिनं विचारलं, "आन् उधईनं खाल्लं असतं तर?"

"तर कशाचं नवं घर?" तो हसला. "हितंच ठिगळं लावून ऱ्हायलो असतो."

 

दुसऱ्या दिवशी सुतारानं माळवदाची माती खाली ओढली, तुळया सोडवल्या, खांब एकेक करून आडवे केले. घरात ऊन आलं. सुतार खांबाच्या बुंध्यावर थाप मारून म्हणाला, "काकू, काय राखलंय हो लाकूड! सोन्यावाणी."

त्यावर केवळाबाई अंगणात मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडू लागली. पावसाळाभर एकटी होती, पण अशी एकटी ती कधी पडली नव्हती. शेषेरावाला वाटलं, एवढ्या दिवसांनी माणसं दिसली म्हणून रडतेय. त्यानं जवळ येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

"उगी, उगी," तो म्हणाला. "आता तुला एकटीला ऱ्हायचं न्हाई."