हळद लागलेली फ्लॉपी

मित्रांनो, मी कम्प्युटरची एक जुनी फ्लॉपी आहे. तळहातावर मावेन एवढी, चौकोनी, काळी. परवा या घरातल्या एका मुलाने मला कपाटातून काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यावर चहाचा कप ठेवला. मी काय आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. राग आला, पण सांगते कोणाला?

माझ्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. 'हळदीच्या नाचाची गाणी' असं तिच्यावर निळ्या शाईत लिहिलंय. ते नाव माझं नाही. खरं सांगायचं तर हे अंगही माझं नाही. ते माझ्याकडे कसं आलं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचं कवच, त्याच्या कडेला सरकणारं पत्र्याचं झाकण आणि आत एक पातळ काळी चकती. त्या चकतीवर सगळं लिहिलेलं असतं, म्हणजे चकती हीच खरी मी. माझ्यावर एक लहानसा प्रोग्रॅम उतरवला आणि एका इंग्रजी मासिकाच्या मुखपृष्ठावर मला डकवलं. खाली छापलं होतं, 'फ्लॉपी मोफत'. हा मोफत शब्द मला तेव्हा झोंबला आणि अजूनही झोंबतो.

बोटीवर नोकरी करणाऱ्या धाकूने ते मासिक एका बंदरावर घेतलं आणि डोंबिवलीला, खाडीकाठच्या मोठागावात, आपल्या घरी आणलं. हे नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीचं सांगते आहे. त्याआधीच्या सफरीत त्याने घरी एक कम्प्युटर आणि वाजवायचा कीबोर्ड आणला होता. तो कम्प्युटर मोठा विसरभोळा. बटण बंद केलं की त्याच्या डोक्यातलं सगळं जायचं. पुन्हा चालू केलं की एकेक फ्लॉपी घालून त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं.

त्या कम्प्युटरवर बसायची धाकूची पुतणी शीला. ती कॉलेजात शिकत होती. गाणं तिच्या गळ्यात अजिबात नव्हतं, पण कान मात्र तिखट होता. पडद्यावर ती एकेक सूर माउसने मांडायची आणि मग कीबोर्ड ते सूर आपोआप वाजवायचा. हे काम करणारा मोठा प्रोग्रॅम दुसऱ्या फ्लॉपीवर होता. त्याला सीक्वेन्सर म्हणतात. मी त्याच्या जोडीला घालायची, त्याचं एक काम जास्तीचं करणारी. बिनबोलावल्या पाहुणीला जेवढा मान असतो, तेवढाच मला.

शीलाची आजी मंजुळाबाई धवलारीण होत्या. इथल्या जुन्या गावांत धवलारीण धवले गाते आणि त्या गाण्यावर लग्न लागतं. देव, गावदेवी, घरातले गेलेले वाडवडील, सगळ्यांना ती नावं घेऊन मांडवात बोलावते. मंजुळाबाई एक ओळ टाकायच्या आणि त्यांची सोबतीण सगुणाबाई तीच ओळ मागून झेलायची. झेलल्याशिवाय बोलावणं पोचत नाही, असं दोघी मानायच्या. उभा जन्म त्यांनी जोडीने गाण्यात घालवला होता.

मग सगुणाबाईंनी अंथरूण धरलं. त्यांची एकच इच्छा होती, नात शेवंतीच्या लग्नात आपण दोघींनी गावं. ते आता होणार नाही हे त्यांनाही कळत होतं. शीला रोज त्यांच्या खाटेशी जाऊन बसायची. त्या गुणगुणायच्या आणि शीला घरी येऊन ते सूर पडद्यावर मांडायची. कुठे त्या सूर ओढतात, कुठे अर्ध्यात सोडतात, सगळं तसंच्या तसं. धवला पुरा मांडून झाला आणि थोड्याच दिवसांत सगुणाबाई गेल्या.

शेवंतीचं लग्न ठरलं तेव्हा मंजुळाबाई म्हणाल्या, "सगुना जेली. आता मी वल टाकून ती झेलंल कोन? मी नाय गानार."

शीला म्हणाली, "आजी, सगुणाआजीच झेलतील. तू बस तरी."

तो पहिला प्रयत्न मोठ्या प्रोग्रॅमने एकट्याने केला आणि त्याची चांगलीच फजिती झाली. तो घड्याळाच्या तालावर चालणारा. मंजुळाबाईंनी श्वास घ्यायला ओळ लांबवली की हा मध्येच बोलायला लागायचा. आजी चिडल्या. "याच्या पाठी कोन लागलाय कं? मी तुज्या मिसनीच्या मागं धावू?" असं म्हणून त्या उठून गेल्या, आणि शीलाला रडू आलं.

त्याच सुमारास मी मासिकासकट त्या घरात आले. शीलाने शब्दकोश उघडून माझी माहिती वाचली. माझं काम एवढंच, की मोठ्या प्रोग्रॅमला थांबवून धरायचं. शीलाने कम्प्युटरवरची लांब पट्टी, म्हणजे स्पेसबार, दाबली की पुढची एक ओळ सोडायची, आणि ती पुन्हा दाबेपर्यंत गप्प राहायचं. सगुणाबाईंचा धवलाही मग तिने माझ्यावरच उतरवला.

मंजुळाबाईंनी माझी परीक्षा घेतली, तीही कशी! अर्ध्या धवल्यात थांबल्या, पाणी प्यायल्या, पानाला चुना लावला, डोळ्याच्या कोपऱ्यातून कीबोर्डकडे बघत राहिल्या. मी हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी पुढची ओळ टाकली, शीलाने पट्टी दाबली आणि सगुणाबाईंचे सूर आले. आजींनी हातातलं पान तसंच खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "सगुनासारका दम हाय इला."

मोफत आलेल्या फ्लॉपीचं यापेक्षा मोठं कौतुक कोणी केलं असेल?

त्या दिवशी आजींनी मला हातात घेऊन शीलाला विचारलं, की कम्प्युटर इला वाचतो तरी कसा? शीलाने माझं झाकण सरकवून दाखवलं. "हा हिचा डोळा, आजी. इथूनच सगळं वाचतात." आजींनी मान डोलावली. ती गोष्ट त्यांनी मनात नीट ठेवली, आणि तिथेच पुढचा घोळ झाला.

घोळ शीलानेही घातला होता. माझी दुसरी प्रत करायची, असं ती रोज म्हणायची. पण शेवटची कोरी फ्लॉपी हळदीच्या नाचाची गाणी मांडण्यात गेली. डब्यात ती माझ्या शेजारी असायची. गावची पोरं तिच्यावर भारी खूश, आणि मी तिच्यावर जळायचे. खोटं कशाला बोलू?

लग्नाचा दिवस आला. मांडव सगुणाबाईंच्या मुलाच्या, म्हणजे शेवंतीच्या वडिलांच्या, चंदूच्या अंगणात होता. मुहूर्त संध्याकाळचा, गोरज होता. दुपारी शीलाने आणि धाकूने कम्प्युटर मांडवात आणून जोडला आणि सगळं वाजवून पाहिलं. मग शीळफाट्याकडून वऱ्हाड आलं. नवऱ्याचे काका दगडूशेठ टेपरेकॉर्डर काखेत मारूनच उतरले.

"आमचे गावान आता सगले धवल्याची कॅसेटच लावतान," ते म्हणाले. "म्हातारीला कशाला तरास? मधीच अडली तर मुहूर्त जाईल."

चंदू कात्रीत सापडला. "माजे आयशीची इच्छा हाय, मंजुळामावशीच गातील," तो म्हणाला. "पन अडला तर लावा तुमची कॅसेट."

हे शीलाने ऐकलं आणि तिचं तोंड उतरलं. आमचं तर सगळं कामच थांबण्याचं होतं.

ऊन उतरलं. लग्नात ज्याचं ज्याचं काम असतं त्याला आधी हळदकुंकू लावायचं, हा मंजुळाबाईंचा नेम. त्यांनी जात्याला लावलं, मुसळाला लावलं, ढोलाला लावलं. मग त्या टेबलावर काढून ठेवलेल्या माझ्याकडे आल्या. मला उचललं, झाकण सरकवलं आणि ओल्या हळदीचं बोट थेट माझ्या डोळ्यात टेकवलं. मोठ्या मायेने टेकवलं हो! वर कुंकवाची चिमूटही सोडली आणि हात जोडले.

तेवढ्यात वीज गेली. पोरांनी जनरेटर लावला, दिवे आले, पण कम्प्युटर सगळं विसरला होता. शीलाने मोठा प्रोग्रॅम पुन्हा घातला, मग मला घातलं. मी फिरायला लागले आणि कर्रकर्र असा आवाज झाला. पडद्यावर फ्लॉपी वाचता येत नाही अशी सूचना आली. शीलाने मला बाहेर काढून झाकण सरकवलं, तर आत पिवळा लगदा.

"आता गं काय करू? दुसरी प्रतच नाहीये."

मंजुळाबाईंना कळलं. त्या तिथेच खाली बसल्या. "मीच तिला आंधली केली गो," म्हणाल्या. तिकडे दगडूशेठ कॅसेट मागे फिरवून तयार ठेवत होते. शेवंती नऊवारी नेसून आत बसली होती आणि दर मिनिटाला कोणाला तरी विचारत होती, "आजीचा धवला लागला कं?"

धाकू म्हणाला, "परत घालून बघ."

"नको काका! आणखी खरवडली तर सगळंच जाईल." शीला एकदम ओरडली. तिने डब्यातली नाचाच्या गाण्यांची फ्लॉपी काढली आणि माझ्याशेजारी ठेवली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "काका, दाढीचं पातं दे."

मित्रांनो, स्वतःचं अंग उसवताना पाहणं सोपं नसतं. धाकूने माझं कवच कडेने चिरलं. पत्र्याचं झाकण निसटलं, स्प्रिंग उडून कुठेतरी गेली. शीलाने मला मधल्या धातूच्या टिकलीला धरून अलगद बाहेर काढलं. जन्मल्यापासून मी उघड्यावर आले नव्हते. वाऱ्याची झुळूक लागली तरी भीती वाटत होती. टेम्पोवाल्याकडून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. त्यात मऊ फडका भिजवून शीला मला पुसत होती, मधून कडेकडे, पुन्हा मधून कडेकडे. कपाळावरचा घाम ती बाहीला टिपत होती. थेंबभर घाम पडला असता तरी मी संपले असते. मंजुळाबाई उठल्या, त्यांनी सूप घेतलं आणि लांबूनच मला वारा घालू लागल्या. धाकूने काडीला कापूस गुंडाळून कम्प्युटरचं फ्लॉपी घालायचं तोंड आतून पुसलं.

मग डब्यातल्या माझ्या शेजारणीचं कवच कोपऱ्यात उघडलं. तिची चकती ओढून काढली आणि टेबलावर टाकली. तिच्या जागी मला सरकवलं आणि कोपरा चिकटपट्टीने बंद केला. पोरांना नाचवणारी ती सगळी गाणी पुढे केरात गेली. तिच्यावर जळत होते ना मी? आता तिच्याच घरात येऊन बसले होते, आणि मला तिची लाज वाटत होती.

शीलाने मला आत ढकललं. मी फिरले. आवाज आला नाही. पडद्यावर माझं नाव उमटलं आणि धाकूने मोठ्याने श्वास सोडला.

नवरानवरी पाटावर उभी राहिली. मंजुळाबाईंनी पहिली ओळ टाकली. शीलाने पट्टी दाबली आणि सगुणाबाईंचे सूर मांडवात आले, तसेच ओढलेले, तसेच अर्ध्यात सोडलेले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. चंदू खांबाला धरून उभा राहिला. देव आले, गावदेवी आली, वाडवडील आले. मग मंजुळाबाईंनी गेल्यांच्या नावांत सगुणेचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते नाव त्या यादीत आलं, आणि त्यांचा आवाज बंद पडला.

मोठा प्रोग्रॅम माझ्यावर जोर करत होता, पुढची ओळ सोड म्हणत होता. मी त्याला धरून ठेवलं. शीलाचं बोट पट्टीवर होतं, पण ते खाली येत नव्हतं. कोणीतरी खोकलं. भटजींनी घड्याळाकडे पाहिलं.

"अडला," दगडूशेठ म्हणाले आणि टेपच्या बटणाकडे हात नेला.

"अडलं नाही, दगडूकाका," शीला म्हणाली. आवाज लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आजी थांबलीय."

चंदू खांब सोडून पुढे आला आणि त्याने टेपवर आपला हात ठेवला. "माजे आयशीचा नाव घेतलाय," तो म्हणाला. "दम धरा."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. माझ्या कामात वेळ मोजायचा नसतो. मंजुळाबाईंनी पदराने डोळे पुसले, शेवंतीकडे पाहिलं आणि तीच ओळ, तेच नाव, पुन्हा पहिल्यापासून टाकलं. शीलाचं बोट खाली आलं. सगुणाबाईंनी स्वतःचं बोलावणं स्वतःच झेललं. पाटावर उभी असलेली शेवंती हमसून रडली, आणि लग्न मुहूर्तावर लागलं.

पुढे काय व्हायचं तेच झालं. मंजुळाबाई गेल्या. विसरभोळा कम्प्युटर एका पावसाळ्यात कायमचा बंद पडला. नवीन यंत्रं आली, त्यांना मला घालायला तोंडच नाही. शीला माहेरी आली की कपाट उघडते, मला हातात घेते आणि परत ठेवते. माझ्यावरचे सूर शाबूत आहेत की दमट हवेने खाल्ले, मलाही ठाऊक नाही. त्याची मला रोज भीती वाटते.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी एक मागणं आहे. जे एकच आहे, त्याची दुसरी प्रत वेळेत करून ठेवा. माझी करायची राहिली. आणि बोलता बोलता कोणी मध्येच थांबलं तर लगेच बटणाकडे हात नेऊ नका, थोडा दम धरा. मला आणखी काही शिकवता येत नाही.

कधी हातात आले तर माझं झाकण हलकेच सरकवून बघा. चकतीच्या कडेला एक पिवळा डाग राहिलाय, शीलाच्या फडक्यातून सुटलेला. तो पुसायला जाऊ नका. एका म्हाताऱ्या बाईने मला लग्नात कामाची मानलं होतं, तिचं ते बोट आहे.