पाच वर्षांच्या लेकीचा पाळणा

मी मंजुषाच्या लग्नातला हिरवा शालू बोलतोय. जन्म बनारसचा, खरेदी साताऱ्यातली आणि आयुष्य गेलं रबाळ्याच्या कपाटात. बायकांची एक गंमत असते. ज्या कपड्यावर जीव, तोच अंगाला लावत नाहीत. वर्षातून एकदा मला ऊन दाखवायचं, घडी बदलायची, की परत डांबरगोळ्यांच्या वासात.

चाळिशी उलटल्यावर मंजुषाचा नवरा तिला सोडून गेला, दुसऱ्या बाईकडे. मूलबाळ नव्हतं. एकदा दारात भांडीवाली आली, तेव्हा हिने मला बाहेर काढलं. माझ्या बदल्यात स्टीलचा डबा! माझा जीव जरीत गोळा झाला. पण काठावरून हात फिरवून ती म्हणाली, "नको मावशी. राहू दे."

मग तिने हिंमत केली. संस्थेतून पाच वर्षांची प्रियदर्शिनी दत्तक घेतली.

पोर गुणी, पण पाहुण्यासारखी राहायची. पाणीसुद्धा विचारून प्यायची, आई म्हणून हाक मारायची नाही. मंजुषाला सारखी धास्ती, हिला हे घर आपलं वाटेल ना? शेजारी बारसं झालं, तेव्हा पोरीने विचारलं, "मला घातलं होतं का पाळण्यात?"

मंजुषा गडबडली. मग म्हणाली, "घालू की! येत्या रविवारी."

शेजारच्या वेणूबाई हसल्या. "अगो, एवरी मोठी पोर पाळन्यात मावंल का? आन नाव ठेवाला आत्या लागते. बापूसच नाय, तं आत्या कुठशी आनशील?"

मंजुषाला ते लागलं. तिने फोन उचलला, ठेवला, परत उचलला. "वन्सं, मी मंजुषा बोलतेय…"

रविवारी साताऱ्याहून राजाबाई हजर! नवऱ्याची सख्खी बहीण. चपला काढायच्या आत सुरू. "भाऊ पळाला म्हणून मी बी पळू व्हय? आत्या मीच. पण डोकं केवढं ते सांगायचंस की गं!" तिने शिवलेली कुंची पोरीच्या डोक्यावर टोपीएवढीच बसली. सगळ्या बायका हसल्या.

शेजारून आणलेला पाळणा मात्र पुरेना. राजाबाई म्हणाली, "शालू काढ."

हॉलमधल्या कडीला माझी झोळी बांधली. मी घाबरलो. रेशीम घडीवरच आधी विरतं. फाटलो तर? भरल्या घरात ही पोर पडली तर? ती बसली. करकर आवाज झाला. मंजुषाने झोळीखाली हात धरले. पण नुसती गाठ आवळली होती. मी धरून ठेवलं तिला, घट्ट!

राजाबाई वाकली. "काय नाव ठेवायचं?"

"माझं नाव आहे ना," पोर म्हणाली. "तेच ठेवा."

"ठेवलं! त्यात भर घालते फक्त." राजाबाईने कानात कुर्रर्र केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "प्रियदर्शिनी मंजुषा!"

रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यात मोठा वेणूबाईंचा. पोर खदखदून हसली आणि ओरडली, "अजून मारा! आई, तू पण मार!"

मंजुषाचा हात वरच राहिला. डोळे वाहत होते.

आता मी हॉलमध्येच असतो. काठाची जर उसवलीय, पदरावर दुधाचा डाग पडलाय. बायांनो, तुमच्या कपाटातल्या माझ्या भावंडांना बाहेर काढा. आम्हाला जपू नका, वापरा. चला, सरका जरा बाजूला. आमची लेक झोका घेतेय.