चाबकाने काय शिकवलं

मी एक जुना चाबूक आहे. मित्रांनो, जुनी वस्तू दिसली की तुम्हाला तिची कीव येते. माझी करू नका. नांगर झिजतो तो शेतासाठी, जातं झिजतं ते पिठासाठी. मी झिजलो तो एका भित्र्या माणसाच्या रागापायी. त्याचं नाव सुंदरराव पाटील. चौसाळ्याजवळच्या एका गावात त्याची जमीन होती आणि सारं गाव त्याला 'मालक' म्हणत असे. मी मात्र त्याला 'तो'च म्हणणार आहे. अहोजाहो करावं असं त्याने माझ्यादेखत फार काही केलं नाही.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. बीडच्या बाजारात धोंडीराम नावाचा कारागीर कातड्याचं काम करायचा. त्याने शिवलेल्या छागली, म्हणजे पाण्याच्या कातडी पिशव्या, लांबलांबच्या गाड्यांना लटकत जायच्या आणि वाटसरूंना उन्हाळ्यात गार पाणी पाजायच्या. ज्या कातड्यातून मी निघालो, त्याच्याच दुसऱ्या तुकड्याची छागल झाली. मला त्या छागलीचा हेवा वाटतो.

सुंदरराव दुकानात आला आणि चाबूक मागू लागला. धोंडीरामने विचारलं, "बैलासाठी, का घोड्यासाठी?"

"कुत्र्यासाठी," सुंदरराव म्हणाला. "दोन शिकारी पिल्लं आणलीत. तालीम द्यायची हाय."

धोंडीरामने हातातली आरी खाली ठेवली. "मालक, पिल्लू हातानं शिकतं. चाबूक कावून लागतो?"

"तू चाबूक कर. अक्कल माझ्यापाशी हाय."

मित्रांनो, ती अक्कल मी पुढे वर्षभर जवळून पाहिली. तिच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

ती दोन पिल्लं कारवानी जातीची होती. पाय लांब, कंबर बारीक, डोळे काजळ घातल्यासारखे. बीडचे कापसाचे व्यापारी ख्वाजासेठ यांनी ती पाटलाला दोस्तीत दिली होती. सुंदररावाने एकाचं नाव बहादूर ठेवलं आणि दुसऱ्याचं शमशेर. नावं अशी जबर आणि ठेवणारा असा, की अंधाऱ्या कोठीत एकटा जायला कचरायचा.

त्याच्या तालमीची रीत सांगतो. तो अंगणात उभा राहून ओरडायचा, "बहादूर, इकडं ये बे!" पिल्लू पिल्लासारखं होतं. कधी फुलपाखरामागे जायचं, कधी उशिरा यायचं. आलं की सुंदरराव मला त्याच्या पाठीवर ओढायचा आणि म्हणायचा, "उशीर कावून केला?" आता तुम्हीच विचार करा. पिल्लाला उशीर म्हणजे काय ते काय कळणार? त्याला एवढंच कळलं, की हाक आली आणि आपण गेलो की पाठ सोलून निघते. महिनाभरात दोघंही हाक ऐकली की उलट्या दिशेला पळू लागले. मग पळाले म्हणून मार. मग पळू नयेत म्हणून साखळी. भर उन्हात दाराशी बांधलेली, पुढ्यात पाण्याचं भांडं उपडं पडलेलं, अंगावर गोचिडी. सुंदरराव ओसरीवर बसून पान चघळत सांगायचा, "जनावराला धाक पायजे." समोर बसलेले चार जण माना डोलवायचे. त्या मानांचीही मला किळस यायची.

दसऱ्यानंतर ख्वाजासेठ पिल्लं बघायला गावात आले. सुंदररावाने वाड्यासमोर लोक जमवले, बहादूरची साखळी सोडली आणि मला हातात घेऊन मोठ्या रुबाबात हाक मारली. बहादूरने मला पाहिलं. तो पोटावर सरपटला, जमिनीला चिकटला आणि तिथेच मुतला.

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

ख्वाजासेठ मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "क्या पाटील, शेर दिया था मैं तुमकू. ये क्या बना को रखे?"

सुंदररावाचा चेहरा काळा पडला. लोकांना मारता येत नव्हतं, म्हणून त्याने कुत्र्याला मारलं. एक, दोन, चार. पाचव्या फटक्याला बहादूर वळला आणि त्याने पाटलाचा हात धरला. दात जरासेच लागले. पण पाटलाने अशी बोंब मारली, की जणू वाघानेच धरलं होतं.

"पिसाळलंय! बंदूक आना!"

बंदूक आणायला गहिनीनाथ धावला. हा पाटलाचा गडी, पाटील म्हणेल ते करणारा. ख्वाजासेठ "ठैरो, ठैरो" म्हणत होते, पण पिसाळलेलं म्हटल्यावर लोक लांब पळाले होते. तेवढ्यात गोठ्यातून बायनाबाई बाहेर आली. ती पाटलाच्या गोठ्यातलं शेण काढायची आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या चार शेळ्या राखायची. नवरा कधीच वारलेला. तिच्या हातात पाण्याचं खापर होतं. ती सरळ बहादूरपासून चार हातांवर जाऊन खाली बसली आणि त्याच्याकडे न बघता तिने खापर पुढे सरकवलं.

"बायने, मरायचंय का?" पाटील ओरडला.

ती हलली नाही. बराच वेळ गेला. मग बहादूर थरथरत पुढे आला आणि पाणी प्यायला लागला. सगळं खापर चाटूनपुसून रिकामं केलं.

"मालक," बायनाबाई म्हणाली, "पिसाळलेलं जनावर पान्याला भेतं. ह्ये तुमाला भेतंय."

गहिनीनाथ बंदूक घेऊन आला होता. ख्वाजासेठ पाटलाकडे टक लावून बघत होते. त्या नजरेपुढे पाटलाला गोळी घालणं जमलं नाही. "घेऊन जा ही घान," तो म्हणाला आणि मला धुळीत फेकून दिलं.

बायनाबाईने मलाही उचललं. "ह्यो पन नेते."

"चाबूक? तुला कशाला?"

"ह्याला ह्याचंच भ्याव हाय. ह्याच्याबिगर ते भ्याव जाईल कसं?"

असा मी तिच्या झोपडीत आलो.

पहिले आठ दिवस तिने कुत्र्याला काहीही शिकवलं नाही. करंजाचं तेल त्याच्या वळांवर लावलं, तेही तो स्वतःहून जवळ बसला तेव्हा. एकेक गोचीड काढली. सावलीत पोतं टाकलं. पाणी सकाळ-संध्याकाळ बदललं. बहादूर हे नाव तिने पहिल्याच दिवशी टाकून दिलं. "ते नाव ऐकलं की त्येला मारच आठवतो," ती शेजारणीला म्हणाली. रंगावरून त्याला ती तांबड्या म्हणू लागली.

मग माझी पाळी आली. तिने मला अंगणाच्या एका टोकाला ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला, तांबड्याच्या पुढ्यात, भाकरीचा तुकडा टाकला. त्याने माझ्याकडे एक डोळा ठेवून तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी तुकडा माझ्याकडे हातभर सरकला. ज्या दिवशी तो कचरला, त्या दिवशी तिने मलाच मागे सरकवलं. "ऱ्हाऊ दे. आज इतकंच." तिच्या वाट्याला रोज दीड भाकरी यायची, त्यातली अर्धी या कामात जायची. गहिनीनाथ वाटेने जाताना टोमणा मारायचा, "लाडावतीस कुत्र्याला! डोस्क्यावर बसंल."

"डोस्क्यावर सरपनाची मोळी असती," ती म्हणायची. "जागा कुठंय?"

महिना उलटून गेल्यावर एके सकाळी तिने तुकडा माझ्याच मुठीवर ठेवला. तांबड्या आला, थांबला, मान लांब केली आणि तुकडा उचलला. त्याचं ओलं नाक मला लागलं. मित्रांनो, याच कुत्र्याच्या पाठीवर मी किती वेळा पडलो होतो, ते मला माहीत होतं. मला लाज वाटली. कातड्याच्या दोरीला लाज वाटते, पण पाटलाला वाटली नव्हती.

हाक मारायची तिची रीत अशी. "तांबड्या, ये रं बाळा," अशी हाक ती फक्त काही चांगलं द्यायचं असेल तेव्हाच मारायची. तुकडा, कानामागे खाजवणं, नाहीतर शेळ्यांबरोबर रानात जायचं. गोचीड काढायची असेल, पायातला काटा ओढायचा असेल, तर ती हाक मारत नसे, स्वतः उठून त्याच्यापाशी जायची. एकदा त्याने तिची वहाण चावून टाकली. तिने दुसरी खुंटीला टांगली आणि त्याला चघळायला वाळलेलं हाड दिलं. आरडाओरडा नाही. पाटलाच्या वाड्यातून मात्र रोज शमशेरचं केकाटणं ऐकू यायचं. पाटलाने माझ्या जागी वेताची छडी आणली होती. माणसाला अक्कल सोडून सगळं बदलता येतं.

मला तिने सरपणाची मोळी बांधायला घेतलं. म्हणून पुढचं मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

थंडीच्या दिवसांत लांडग्यांनी गावच्या दोन शेळ्या नेल्या. पाटलाने मेलेल्या बकरीच्या मांसाला कुचल्याचं विष चोळलं आणि गहिनीनाथकडून ते ओढ्याकाठी टाकवलं. गावात कोणाला सांगितलं नाही. मालकाने कोणाला का सांगावं! आणि त्याच सकाळी तो ससे उठवायला म्हणून शमशेरला घेऊन रानात निघाला.

बायनाबाई ओढ्याच्या वरच्या माळावर होती. दोन्ही कुत्र्यांना वास एकदमच लागला असावा. तांबड्या इकडून सुटला, शमशेर तिकडून. खालून गहिनीनाथ हात हलवत ओरडला, "कुचला हाय! कुत्री आवरा!"

बायनाबाई किंचाळेल असं मला वाटलं. पण तिने रोजच्याच, भाकरी देतानाच्या आवाजात हाक मारली, "तांबड्या, ये रं बाळा!"

मांस त्याच्यापासून दहा पावलांवर होतं. तो थबकला. मांसाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि वळून चढावर धावत सुटला. तिने त्याला मिठीत घेतलं. तुकडा द्यायला तिने कमरेचं फडकं सोडलं आणि सगळी भाकरीच त्याच्या पुढ्यात ठेवली.

खाली पाटील ओरडत होता, "शमशेर! इकडं ये बे! शमशेर!" ती हाक ऐकताच शमशेरने शेपूट पोटात घातली, मांसाचा लचका तोंडात धरला आणि जिवाच्या आकांताने दूर पळाला. पाटील जितका ओरडे, तितका तो लांब जाई. बाभळीपलीकडे जाऊन त्याने तो गिळला.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याचे पाय ताठ झाले, तो आडवा पडला. पाटील धापा टाकत पोहोचला, गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. शमशेरने मरता मरताही तो हात चुकवायला मान वळवली.

बायनाबाई जवळ आली, तेव्हा पाटलाने वर न बघता विचारलं, "बायने, कोन्ता मंतर घातलास त्येच्यावर?"

"मंतर न्हाई मालक. हाक मारून मी त्येला कदी मारलं न्हाई."

उरलेलं मांस पाटलाच्या बायकोने, केसरबाईने, माणसं लावून खोल पुरून टाकलं. त्या वाड्यात शहाणं कोणी असेल तर ती बाई, पण तिला कोणी विचारत नसे.

पाडव्याच्या सुमाराला पाटलाने ख्वाजासेठकडे आणखी एक पिल्लू मागितलं. सेठ पिल्लू घेऊन आले, पण वाड्यावर गेले नाहीत. बायनाबाईच्या झोपडीसमोर उतरले आणि पिल्लू तिच्या ओटीत ठेवलं. "बाई, पाटीलकू पैले सिकाव. सिके तो पिल्ला उनकू देव, नै तो तुमीच रखो."

मला वाटलं, पाटील येणार नाही. माझा त्याच्याविषयीचा अंदाज सहसा चुकत नसे. तो आला. धोतर सावरत शेणाने सारवलेल्या अंगणात बसला आणि सवयीने गरजला, "ए, इकडं ये!" पिल्लू बायनाबाईच्या लुगड्यामागे लपलं.

"हळू, मालक," ती म्हणाली. "ते तुमचं कुळ न्हाई."

तीन दिवस पिल्लू त्याच्याकडे फिरकलं नाही. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे, हसायचे. मीही मनातल्या मनात हसलो, खोटं कशाला बोलू? चौथ्या दिवशी त्याचा आवाज उतरला होता. पिल्लू आलं आणि हातभर लांब बसलं. पाटलाने गोंजारायला हात उचलला, पिल्लू दचकलं. त्याने तो हात परत मांडीवर ठेवला, तळवा वर केला आणि वाट बघत बसला. ऊन चढेपर्यंत.

"आता शिकाया लागले," बायनाबाई शेळीला पाला टाकत म्हणाली. ती पिल्लाबद्दल बोलत नव्हती.

मी पाटलाला माफ केलेलं नाही. शमशेरने मला तसं करायला सांगितलेलं नाही, आणि सांगायला तो आता नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी कुत्रं असेल. ते भुंकलं, घाण केली, उशिरा आलं, की कोणाचा तरी हात उठत असेल. हात नाही, तर चप्पल किंवा काठी. उद्या सकाळी एवढंच करा. त्याला हाक मारा आणि ते कसं येतं ते नीट बघा. शेपूट हलवत आलं, तर तुम्ही त्याला सांभाळलंत. पोटाशी शेपूट लावून, कान पाडून आलं, तर त्याच्यात खोट शोधत बसू नका. खाली बसा, तळवा उघडा ठेवा आणि ते स्वतःहून जवळ येईपर्यंत थांबा.