गुलेदच्या मुलाचा ताईत

बुराओ शहरात माझ्या कुराणशाळेच्या भिंतीला लागूनच इगेबाबांचं घर आहे. ते यिबिर जातीचे. गावात कुणाला मुलगा झाला की बाप त्यांना मेंढी देतो आणि त्यांच्याकडून बाळासाठी चामड्याचा ताईत घेतो. ताईत घेतला नाही तर बाळाला यिबिरांचा शाप लागतो, असं सगळे मानतात. मुलगी मात्र त्यांच्या घरात कुणी देत नाही. इदिल घरातून पळून येऊन त्यांच्या मुलाची, लिबानची बायको झाली होती.

त्या सकाळी तिचा भाऊ गुलेद चुलतभावांना घेऊन आला. पाठ म्हणणारी माझ्या शाळेतली मुलं भिंतीपाशी धावली.

"तलाक म्हण," तो लिबानला म्हणाला, "नाहीतर थेरड्यासकट घर पेटवतो."

लिबानने बापाकडे पाहिलं आणि तलाक म्हटला.

गुलेद लगेच निघाला नाही. त्याने येताना आणून बाहेर बांधलेली मेंढी ओढत अंगणात आणली.

"मला मुलगा झालाय, इगेबाबा. तेवढा ताईत द्या." आता तो अहोजाहो करत होता.

इगेबाबांनी ताईत दिला. मागणाऱ्याला नाही म्हणायची त्यांच्यात रीत नाही.

गुलेदने तो ओठांना लावला आणि जपून खिशात ठेवला.

"दादा, आणि माझ्या पोटातल्याला?" इदिलने विचारलं.

"ते यांचंच. त्याला कसला आलाय ताईत? जन्मलं की इथे आणून टाकू. तुला चांगलं घर बघायचंय."

त्याने तिला दंडाला धरून नेलं. मेंढी अंगणात ओरडत राहिली.