भोंगा महिनाभर बंद

आमच्या लॉन्ड्रीत मला भोंगा म्हणतात. पाठीमागे नाही, चक्क तोंडावर. मला त्याचं वाईटही वाटत नाही. अहो, हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी धुणारी लॉन्ड्री ती. एका भिंतीला माणूस आत उभा राहील एवढाली धुण्याची मशीनं, मधे वाफेवर तापणारे इस्त्रीचे रोलर, पलीकडे ड्रायरची घरघर. तिथे "ताई, जरा चादर सरळ धरता का" असं म्हणून बघा, चादर धरणाऱ्या ताईंनासुद्धा ऐकू जाणार नाही. तिथे आवाज लागतो, आणि तो माझ्याकडे होता. मी दिवसपाळीचा सुपरवायझर. दारात उभं राहून हाक मारली की पार शेवटच्या टेबलावरची बाई दचकायची. काम चोख व्हायचं. यात ओरडणं कुठे आलं?

"घरीही तोच आवाज काढता," असं बायको म्हणते. तिचं सोडा.

तर झालं असं, की मालकांनी नवीन मॅनेजर आणल्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलणं मोजकं, नजर तीक्ष्ण. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं, नवी मशीनं येतायत, दोन्ही पाळ्यांना मिळून एकच सुपरवायझर राहील. दुसरा गोदामात बसेल. "मशीनं यायच्या आधी सगळ्यांसमोर दोघांचं ऐकेन आणि तिथेच ठरवेन," असं म्हणाल्या. दुसरा म्हणजे रातपाळीचा सुपरवायझर. त्याला आम्ही गोडबोल्या म्हणतो. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याला साखरेचा त्रास होईल.

मी म्हटलं, ये मैदानात. आणि दुसऱ्या दिवसापासून जरा जास्तच आवाज लावायला लागलो. मॅडमना कळायला नको, इथे कोण काम करून घेतं ते?

आठवडाभरात घसा बसला. मग आवाज फाटला. मग एका सकाळी हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली.

घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि म्हणाले, "स्वरतंतूंवर गाठी आल्यात. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नाही ऐकलंत तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज कसा येईल याची खात्री मी देणार नाही."

मॅडमची ती बैठक महिना संपायच्या आतच होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आयुष्यभर आवाजावर नोकरी केली, आवाजावर घर चालवलं. आवाज काढून घेतला तर खाली उरतं काय, हे मला माहीतच नव्हतं.

बायकोने मॅडमना फोन लावून सगळं सांगून टाकलं. मी हातवारे करून नको नको म्हणत होतो, ती माझ्याकडे पाठ करून बोलत होती. बैठक पुढे ढकलता येणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. फोन ठेवून बायको माझ्याजवळ बसली आणि शेजारणीच्या भांडणापासून स्वतःच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं सांगत राहिली. शेवटी म्हणाली, "लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण झालं बघा." हसत होती, पण गुडघा दाबत होती. गुडघा दुखतो हे मला ठाऊकच नव्हतं.

कामावरचा पहिला दिवस म्हणजे निव्वळ तमाशा. ओल्या चादरींची गाडी उतारावरून येत होती, मी दोन्ही हात हलवून थांबवा म्हणत होतो, ढकलणाऱ्याला वाटलं की साहेब म्हणतायत लवकर आण. आणली त्याने! गाडी उलटली आणि मी चादरींच्या ढिगाखाली. बाहेर आलो तेव्हा तोंड उघडं, डोळे वटारलेले, आणि आवाज शून्य. आधी कुणी हसेना. मग घडीच्या टेबलावरच्या मावशींना राहवेना, आणि मग सगळा फ्लोअर खदाखदा हसायला लागला. मीही हसलो. करतो काय? गर्जायची सोय नव्हती.

या मावशी म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या. माझ्या हाका सगळ्यांत जास्त त्यांनीच खाल्ल्या होत्या, कारण उलट उत्तर फक्त त्याच द्यायच्या. जेवणाच्या सुट्टीत समोर येऊन बसल्या. "साहेब, असं नुसतं वारं घालून चालायचं नाही. खुणा ठरवू."

मग खुणा ठरल्या. दोन मुठी एकमेकींवर म्हणजे रोलर अडकला. बोटं वर नाचवली की वाफ कमी आहे. नाक दाबलं की परत धुवायला टाका. कपाळावर हात मारला की रातपाळीने पसारा ठेवलाय. ही शेवटची मावशींची, आणि सगळ्यांत जास्त तीच वापरात आली.

पण खुणेची एक गोम आहे. दारातून दाखवून ती कुणाला दिसत नाही. माणसाच्या जवळ जावं लागतं, त्याने मान वर करेपर्यंत थांबावं लागतं. थांबलं की मग दिसायला लागतं. रोलरपाशी एवढं उकडतं की तिथल्या बायका ओला फडका मानेवर टाकून काम करतात, हे मी इतकी वर्षं दारातून बघितलंच नव्हतं. मावशी दिवसभर घड्या घालताना कधी या पायावर भार देतात, कधी त्या. डाग काढणारे काका टेबलाला पोट टेकून उभे राहतात, कारण कंबर धरते. मी आपला बघायचो, आणि बोलता येत नसल्यामुळे मनातच ठेवायचो.

बैठकीचा दिवस उजाडला. बायकोने दारात अडवलं. "एक अक्षर काढलंत तर माझ्याशी गाठ आहे." मी मान हलवली. पण मी ठरवून टाकलं होतं. बोलायचं. आवाज गेला तर गेला. गोदामात बसून तो आवाज काय चाटायचाय?

मशीनं बंद करून सगळे फ्लोअरवर जमले. आधी गोडबोल्या बोलला. आपण सगळे एक कुटुंब, मॅडम म्हणजे कुटुंबाचा कणा, नवी मशीनं म्हणजे नवी पहाट. टाळ्या पडल्या. एवढ्या लांबलचक भाषणात चादर हा शब्द मात्र एकदाही आला नाही.

मग माझी पाळी. मी पुढे आलो, छातीत हवा भरली आणि तोंड उघडलं.

"अहो, मिटा ते तोंड!" मावशी गर्दीतून सरळ पुढे आल्या. "मॅडम, हे हातांनी बोलतील, मी तोंडाने सांगते. आम्हाला सवय आहे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं. हवेत बोटं नाचवली, मग मुठीवर मूठ ठेवली.

"साहेब म्हणतात, पाळी सुरू व्हायच्या आधी स्वतः वाफ बघणार, म्हणजे रोलर अडकायचा नाही," मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या.

अगदी बरोबर! मला हुरूप आला. गाड्यांचं दाखवलं. ओल्या चादरी या बाजूने, सुक्या त्या बाजूने. मावशींनी शब्दाला शब्द सांगितलं. मी कपाळावरचा घाम पुसला.

"साहेब म्हणतात, रोलरपाशी उकाड्याने जीव जातो, तिथे दोन पंखे बसवणार."

मी दचकलो. अहो, मी नुसता घाम पुसला होता! थांबा म्हणून पंजा वर केला.

"आणि घडीच्या टेबलापाशी बसायला उंच स्टुलं," मावशींनी माझ्या पंजाकडे बोट दाखवलं, "पाच."

मॅडमनी माझ्यावर नजर रोखली. "हे सगळं तुम्ही म्हणताय?"

मान हलवून नाही म्हणणं सोपं होतं. पंखे, स्टुलं म्हणजे खर्च, आणि नव्या मॅनेजरला पहिल्याच बैठकीत खर्च सांगणारा सुपरवायझर कोण ठेवतो? नोकरी हातची चालली होती. मावशी माझ्याकडे बघतच नव्हत्या, समोर बघत ताठ उभ्या होत्या. एका पायावर.

मी होकारार्थी मान हलवली. चांगली दोनदा हलवली. मग डाग काढणाऱ्या काकांकडे हात केला आणि आणखी एक बोट वर केलं.

मावशींचं तोंड उघडंच राहिलं. "आणि... काकांनाही एक स्टूल. मॅडम, हे मात्र ते खरंच म्हणतायत!"

अरे देवा! हशा एवढा उसळला की वरचे पत्रे हादरले असतील. मावशींनी जीभ चावली. मॅडमनी आधी हसू दाबलं, मग दाबता येईना.

"पंखे देते," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "स्टुलं निम्मी आता, निम्मी पुढच्या महिन्यात. आणि सुपरवायझर हेच राहतील. न बोलता ज्यांचं सगळ्यांना कळतं, त्यांना मी गोदामात कशाला पाठवू?"

गोडबोल्याने येऊन हात मिळवला. "गोदामात पंखा आधीपासून आहे बरं का," म्हणाला. मनाने मोठा आहे तो, आज कबूल करतो.

सगळे भोवती गोळा झाले. मला मावशींना काहीतरी सांगायचं होतं. हात वर केले आणि तसाच थांबलो. रोलरची खूण होती, वाफेची होती, चुकलं, पुन्हा कर, लवकर आटप, सगळ्याच्या खुणा होत्या. ही कुणी ठरवलीच नव्हती. आवाज गेल्यापासून एकदाही लागली नव्हती. गेल्यापासूनच कशाला, आवाज होता तेव्हा तरी कुठे लागली होती? शेवटी मी सरळ दोन्ही हात जोडले.

मावशींनी डोळे बारीक केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ही कसली हो खूण? ही कधी शिकवली नव्हती आम्हाला."

पुन्हा हशा पिकला. मी हसलो नाही. मी हात खाली घेतलेच नाहीत. तसाच आणखी एक पाऊल पुढे गेलो.

मावशींचं हसू थांबलं. त्यांनी पदराने नाक पुसलं.

"कळली हो, कळली," त्या म्हणाल्या. "चला आता, रोलर थंड होतायत."