कोपऱ्यातले रंग

आमच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी मत्स्यालयातल्या मोठ्या टाकीचा खालचा कोपरा गळायला लागला. मी तिथं फरशी पुसायची आणि माझा धाकटा भाऊ टाकी सांभाळायचा. अर्धा दिवस तोंडात हवेची नळी धरून पाण्यात, आतलं शेवाळ खरवडत. सगळे त्याला पाणकोंबडा म्हणायचे, आणि तोही त्या नावानं हाक मारली तरच ओ द्यायचा.

टाकी दोन पुरुष उंच. पुढच्या बाजूला आम्ही काच म्हणायचो, पण ती काच नव्हती, चार बोटं जाडीचं पारदर्शक प्लॅस्टिक होतं. गळणाऱ्या कोपऱ्यावर धाकट्यानं लोखंडी पट्टी बसवली आणि नट पिळून घट्ट केले. पाणी थांबलं. काही आठवड्यांनी परत थेंब दिसला, त्यानं परत नट पिळले.

"कान पिळला की रडं बंद," तो पाना पुसत म्हणायचा. "शाळेत माझ्यावर हाच इलाज चालायचा."

"तुझ्यावर कुठं चालला? अजून रडतोयस," मी म्हणायची.

त्याच सुमारास मॅनेजरच्या मनात आलं, की तिकिटाच्या खिडकीवर माशांच्या फोटोंची कार्डं विकायला ठेवावीत. आमच्या नव्या जावयाकडे खिशात मावेल एवढा डिजिटल कॅमेरा होता. सुट्टीच्या दिवशी तो येऊन फोटो काढू लागला. पण समोरच्या भिंतीला मोठ्या खिडक्या, त्यांचा उजेड टाकीवर पडायचा. फोटोत मासे कमी आणि खिडक्या, मी आणि माझी लाल बादलीच जास्त.

धाकटा फोटो बघून म्हणाला, "अक्का, माशांना तिकीट आहे. तू मात्र फुकटात दिसतेस."

पुढच्या खेपेला जावई एक फिल्टर घेऊन आला. गोल, काळपट काच, कडेला फिरणारी कडी. ती फिरवत नेली की एका जागी चकाकी जाते, असं त्यानं मला समजावलं. पण असले फिल्टर मोठ्या कॅमेऱ्यांसाठी, लेन्सच्या आट्यांवर बसवायचे. याच्या कॅमेऱ्याला आटेच नव्हते, वर चालू केला की लेन्स गोगलगायीसारखी पुढे यायची. म्हणून त्यानं पाण्याच्या पाइपाचा तुकडा कापून लेन्सभोवती चिकटवला आणि त्याच्या तोंडावर फिल्टर बसवला. तुकडा आखूड पडला. कॅमेरा चालू केल्याबरोबर लेन्सनं फिल्टर ढकलला, तो टणकन् फरशीवर, आणि कॅमेरा घुर्रघुर्र करत बंद.

"जावईबापू, मुसकं घातलं की जनावर बिथरणारच," धाकटा हसून बेजार झाला. मग स्वतःच कोठीतून लांब तुकडा शोधून आणला, घासून दिला. तो बरोबर बसला.

जावयानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत कडी हळूहळू फिरवली. खिडक्या विरल्या. बादली गेली, मीही गेले. नुसतं पाणी आणि त्यात मासे, मध्ये काही नसल्यासारखे. मी तोंडात बोट घातलं. आणि त्याच वेळी खालच्या कोपऱ्यात, पट्टीच्या शेजारी, रंग उमटले. जांभळा, पिवळा, हिरवा. पाण्यावर तेल पसरतं तसे, पण रेषा रेषांनी, पट्टीपासून वर निघालेले. नुसत्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नव्हतं. मी हात फिरवून पाहिला, थंड, गुळगुळीत.

"फिल्टरचा खेळ असेल," जावई म्हणाला. त्यानं कडी परत फिरवली. रंग फिके होत गेले आणि खिडक्या परत आल्या.

"बघा, गेलं," धाकटा म्हणाला. "रोगही तोच, औषधही तेच."

मॅनेजरनं फोटो पाहिले. मासे त्याला फार आवडले. "तेवढा कोपरा कापून टाका," तो म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची." कार्डं छापून आली, कोपऱ्याशिवाय, आणि खपलीही चांगली.

माझ्या मनातून मात्र ते रंग जाईनात. जावई नवे फोटो काढायला आला की मी बादली ठेवून पडद्यात डोकवायची. पहिल्यांदा रंग तळहाताएवढे होते. मधल्या काळात धाकट्यानं दोनदा नट पिळले होते. आता रंग माझ्या बोटांपासून हाताच्या कोपरापर्यंत भरतील एवढे वर चढले होते, आणि रेषा दाट झाल्या होत्या. जावयाच्याही लक्षात आलं. तो कडी फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "आई, बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांत नाहीयेत हो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला, धाकटाही होता. जावई फिल्टर विकत घेतला त्या दुकानदाराकडे जाऊन आला होता. त्यानं शाळेची प्लॅस्टिकची पट्टी काढली, ती सोबत आणलेल्या लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरली आणि आमच्या हातात कॅमेरा दिला. कडी फिरवल्यावर कॅमेऱ्यात लॅपटॉपचा पडदा काळा पडला. मग त्यानं पट्टी वाकवली, तशी काळ्यात रंग पेटले. जास्त वाकवली, रंग दाटले. सोडली, बरेचसे निवले.

"मामा, ताण येतो तिथं रंग दिसतात. तुमची लोखंडी पट्टी त्या काचेला पिळतेय."

धाकट्यानं हातात पट्टी घेतली, वाकवून पाहिली, परत सरळ केली.

"मोडली का?"

"नाही."

"मग? माणूसही वाकतो, लगेच मोडतो का?"

"तुझी मस्करी पुरे," मी म्हणाले. "विषाची परीक्षा कशाला घ्यायची? दिवसभर तू तिच्या आत नाहीतर समोर असतोस."

त्यानं पट्टी जावयाला परत दिली. घरी निघताना चपला घालता घालता जावयाला म्हणाला, "तसलं पेटलेलं मलाही आवडलं नाही. बोलतो मी साहेबांशी."

जावयानं त्याला बजावलं होतं, की आधी टाकी रिकामी करायची आणि मगच पट्टीला हात लावायचा. धाकटा मॅनेजरला तेच म्हणाला. मी दारात पोछा पिळत ऐकत होते.

"रिकामी? आणि मासे कुठं ठेवू, माझ्या न्हाणीघरात?" मॅनेजर म्हणाला. "पुढच्या आठवड्यापासून शाळांच्या सहली आहेत. गळत नाहीये ना? मग सोड."

"गळत नाही, पण..."

"अरे, फोटोत दिसतं म्हणून टाकी उपसायची? फोटोत तर मीही गोरा दिसतो."

धाकटा हसत बाहेर आला, पण त्याचं हसू डोळ्यांत नव्हतं. मला म्हणाला, "उपसू देत नाहीत. मी उद्या सकाळी येऊन एकेक आटा ढिला करतो. थेंब आला तर येऊ दे, तू पुसशील. ताण तरी उतरेल."

"पाणी भरलेलं असताना?"

"एकेक आटा, अक्का. मीच पिळलेत, मीच सोडतो."

सकाळी हॉल अजून उघडला नव्हता. जावई कॅमेरा घेऊन आला होता. भरल्या टाकीला हात लावू नका म्हणून त्यानं दोनदा सांगून पाहिलं. धाकटा स्टूल घेऊन कोपऱ्यासमोर बसला होता. शेवटी जावई बाजूला उभा राहिला आणि पडद्यावर कोपरा धरला, निदान दिसेल तरी म्हणून. मी दरवाजाशी होते.

पहिला नट सुटला, कर्रकन् आवाज करत.

"उतरतायत!" जावई ओरडला. "मामा, रंग खरंच उतरतायत."

"मग! आणि तू मला सांगत होतास," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता. त्यानं दुसरा सोडला. जावयानं पडदा माझ्याकडे वळवला. लांबून नीट दिसलं नाही, पण कोपरा निवळला होता एवढं कळलं. एक थेंब आला, फरशीवर पडला. मी पोछा उचलला.

तिसऱ्या नटाला पट्टी जरा वर उचलली गेली. तिच्याखाली एक बारीक चीर होती. इतके दिवस पट्टीनंच ती झाकली होती आणि पट्टीनंच दाबून धरली होती. जावयाला ती पडद्यावर दिसली. "मामा, उठा!" एवढंच तो म्हणू शकला. धाकटा स्टुलावरून अर्धा उठला होता, पाना हातात होता. मग टाकीतून लाकूड फुटावं तसा आवाज आला आणि आख्खी काच पुढे आली.

पाण्यानं मला दरवाजातून बाहेर रस्त्यावर नेऊन टाकलं. जावई खिडकीच्या गजाला धरून वाचला, त्याचा खांदा मोडला. मासे पायऱ्यांवर उडत होते. मॅनेजर कचेरीच्या दारात उभा होता आणि काय झालं, काय झालं, असं विचारत होता.  मी आणि कामावरचे तिघं धाकट्यावरची काच उचलायला धावलो, पण ती चौघांना हलली नाही. रस्त्यावरचे लोक आले तेव्हा हलली.

माझा धाकटा भाऊ त्या बुधवारी सकाळी गेला, शाळांची सहामाही परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. तो एकेचाळीस वर्षांचा होता.